अशुद्ध वाक्य कसे पकडावे? सीमाभागातील वाचकांच्या शंका

स्पर्धा परीक्षांच्या मराठी पेपरात ‘अशुद्ध वाक्य ओळखा’, ‘शुद्ध वाक्याचा पर्याय निवडा’, ‘वाक्याच्या कोणत्या भागात चूक आहे?’ असे प्रश्न हमखास असतात. या प्रश्नांबद्दल बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून बरीच पत्रे आली. त्यांतली काही थोडक्यात छापून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : महाराष्ट्रातल्या सरळसेवा भरतीची तयारी करतो आहे. घरात मराठी, शाळाही मराठी माध्यमाची. तरी ‘अशुद्ध वाक्य ओळखा’ आले की गडबड होते. चारही वाक्ये बरोबरच वाटतात. नेमके काय बघायचे? (एक पदवीधर, खानापूर)

चारही बरोबर वाटतात, कारण तुम्ही वाक्य कानाने तपासता. ज्या बोलीत कान घडला, तिच्यात जे चालते ते कानाला खटकत नाही. आपल्याकडे ‘मी पुस्तक वाचलो’, ‘मी काम केलो’, ‘आम्ही सिनेमा बघितलो’ हे सर्रास बोलले जाते. त्यात कानडीच्या शेजाराचा वाटा मोठा आहे. कानडीत भूतकाळातही क्रियापद कर्त्याच्याच मागे जाते : ‘नानु पुस्तक ओदिदे’, ‘अवळु पुस्तक ओदिदळु’. पुस्तक असो की पत्र, क्रियापदाला त्याचे देणेघेणे नाही. प्रमाण मराठीत मात्र भूतकाळातले सकर्मक क्रियापद कर्त्याला सोडून कर्माकडे वळते. घरात, बाजारात, एसटी स्टँडवर ‘मी काम केलो’ म्हणण्यात काहीही वावगे नाही. ती आपली बोली आहे आणि तिची लाज बाळगण्याचे कारण नाही. पण प्रश्नपत्रिका प्रमाण मराठी मागते, आणि प्रश्न काढणारे नेमके याच जागेवर बोट ठेवतात.

म्हणून वाक्य वाचताना शेवटाकडून सुरुवात करा. आधी क्रियापदाखाली रेघ मारा आणि काळ बघा. वर्तमान किंवा भविष्य असेल तर काम सोपे आहे : क्रियापद कर्त्याप्रमाणे, विषय संपला. भूतकाळ असेल (केला, केला आहे, केला होता) किंवा ‘करावा, द्यावी, पाळावेत’ असे रूप असेल, तर दोन गोष्टी तपासा. कर्त्याला ‘ने/नी’ लागला आहे का? आणि कर्माला ‘स, ला, ना’ लागला आहे का?

कर्त्याला ‘ने’ आहे आणि कर्म मोकळे आहे, तर क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे : ‘रमेशने आंबा खाल्ला’, ‘रमेशने चिंच खाल्ली’, ‘रमेशने केळे खाल्ले’, ‘रमेशने केळी खाल्ली’. कर्त्यालाही प्रत्यय आणि कर्मालाही प्रत्यय, तर क्रियापद दोघांनाही सोडून नपुंसकलिंगी एकवचनात उभे राहते : ‘शिक्षकांनी मुलींना बोलावले’. इथे ‘बोलावल्या’ हा पर्याय हमखास दिलेला असतो आणि तो कानाला गोड लागतो. तसेच ‘पोलिसांनी चोर पकडला’ बरोबर, ‘पोलिसांनी चोराला पकडले’ बरोबर, पण ‘पोलिसांनी चोराला पकडला’ परीक्षेत चूक.

एक फसवी जागा इथेच सांगतो. ‘वडिलांनी बहिणीला घड्याळ दिले’ यात ‘बहिणीला’ला ‘ला’ आहे, पण ती घेणारी आहे. दिलेली वस्तू घड्याळ, आणि ते मोकळे आहे. म्हणून क्रियापद घड्याळाप्रमाणे. घड्याळाच्या जागी वही ठेवा : ‘वडिलांनी बहिणीला वही दिली’. देणे, सांगणे, पाठवणे, शिकवणे या क्रियापदांत दोन नामे असतात, तेव्हा ‘काय दिले?’ हा प्रश्न विचारून मिळेल तेच खरे कर्म धरायचे.

आता खरी अडचण. ‘मी, आम्ही, तू, तुम्ही’ यांना ‘ने’ दिसत नाही, म्हणून डोळा फसतो. त्यावर तोडगा असा : ‘मी’च्या जागी आधी ‘त्याने’ आणि मग ‘तो’ ठेवून बघा. ‘मी पुस्तक वाचलो’ या वाक्यात ‘त्याने’ बसवले की ‘त्याने पुस्तक वाचले’ असेच म्हणावे लागते. मग ‘मी’लाही ‘वाचले’च हवे. ‘मी गावाला गेलो’ यात ‘त्याने’ बसत नाही, ‘तो गावाला गेला’ असेच होते. म्हणून ‘गेलो’ बरोबर. ज्यांच्या बोलण्यात ‘तो काम केला’ असेही येते, त्यांना ही युक्ती अपुरी पडेल. त्यांनी वर सांगितलेला प्रत्ययांचा हिशेबच करावा.

‘तू’ची रूपे आणखी बारीक आहेत, कारण त्यात कर्म आणि कर्ता दोघांची खूण एकत्र येते. ‘तू अभ्यास केलास’ शुद्ध आहे, कारण अभ्यास पुल्लिंगी. ‘तू तयारी केलीस’ शुद्ध. पण ‘तू काम केलास’ अशुद्ध, कारण काम नपुंसकलिंगी, म्हणून ‘केलेस’. आपल्याकडे तिन्हींना ‘केलास’ लावायची सवय असल्यामुळे तीनपैकी एक वाक्य आपोआप बरोबर येते आणि दोन हातची जातात.

काही क्रियापदे सकर्मक असूनही भूतकाळात कर्त्यालाच धरून राहतात. ही यादी छोटी आहे, पाठच करा : शिकणे, विसरणे, बोलणे, जेवणे, भेटणे, नेसणे. ‘ती कविता विसरली’ शुद्ध, ‘तिने कविता विसरली’ अशुद्ध. ‘मी नवा धडा शिकलो’ शुद्ध. ‘ती साडी नेसली’ शुद्ध. ‘म्हणणे’ दोन्हीकडे आहे : नुसते उद्गार असतील तर ‘तो म्हणाला’, गाणे-कविता असेल तर ‘त्याने कविता म्हटली’. ‘पिणे’ही दोन्ही रीतींनी चालते, त्यामुळे त्याच्यावर प्रश्न आला तर चूक दुसरीकडे कुठे तरी असेल असे समजा. आपल्या भागातल्या मुलांची गंमत अशी होते की नियम शिकल्यावर ती या शब्दांनाही ‘ने’ लावतात आणि बरोबर वाक्याला चूक ठरवतात.

शेवटी लांब वाक्य. क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये भर घालून प्रश्न अवघड केला जातो. हे बघा :

‘मी गेल्या आठवड्यात शहापूरच्या ग्रंथालयातून आणलेली ती जाड कादंबरी दोन रात्री जागून वाचून संपवलो.’

मधले सगळे झाकून ठेवा. उरते ‘मी कादंबरी संपवलो’. ‘त्याने कादंबरी संपवली’, म्हणून ‘मी कादंबरी संपवली’. झाकताना ‘आठवड्यात’, ‘ग्रंथालयातून’, ‘रात्री’, ‘आणलेली’, ‘जागून’, ‘वाचून’ हे सगळे बिनकामाचे धरायचे. पेन्सिलीने कंस करायची सवय लावली की असे वाक्य अर्ध्या मिनिटात सुटते. संगणकावरची परीक्षा असेल तर तेच कच्च्या कागदावर करा : कर्ता, कर्म, क्रियापद हे तीनच शब्द उतरवायचे.

२०२३ च्या तलाठी भरतीत १०० पैकी २५ प्रश्न मराठीचे होते आणि प्रत्येकाला २ गुण होते. तेव्हा प्रयोगाच्या, म्हणजे कर्ता-कर्म-क्रियापदाच्या नात्याच्या, एवढ्या एका प्रकरणावर पंधरा दिवस घालवले तरी ते वाया जाणार नाहीत.

प्रश्न : ‘मला दोन वह्या पाहिजे’ हे वाक्य उत्तरतालिकेत अशुद्ध दिले आहे. छपाईची चूक आहे का? (बारावीची विद्यार्थिनी, निपाणी)

छपाईची चूक नाही. वह्या दोन आहेत, म्हणून ‘पाहिजेत’. ‘पाहिजे, नको, नाही’ या तिन्हींना अनेकवचन असते : पाहिजेत, नकोत, नाहीत. कानडीत याच कामाची ‘बेकु’, ‘बेड’, ‘इल्ल’ ही रूपे एक वस्तू असो की दहा, बदलत नाहीत, आणि तीच सवय आपल्या मराठीत उतरते. ‘दुकानात पेन्सिली नाही’, ‘मला हे आंबे नको’ ही वाक्ये ऐकताना कुणालाच खटकत नाहीत, पण पेपरात ती अशुद्ध.

याच जातीची दुसरी चूक ‘-आयचे’ रूपांत सापडते. ‘मला परीक्षा द्यायचे आहे’ अशुद्ध, ‘द्यायची आहे’ शुद्ध. ‘आम्हाला गाणी ऐकायचे आहे’ अशुद्ध, ‘ऐकायची आहेत’ शुद्ध. शेवटचे ‘आहे’सुद्धा बदलले पाहिजे, हे पुष्कळ जण विसरतात. आणि ‘आवडणे’ : मला कुंदा आवडतो, मला जिलेबी आवडते, मला आंबे आवडतात. इथे ‘मला’ हा शब्द कितीही पुढे बसला तरी क्रियापद त्याच्याकडे बघत नाही.

प्रश्न : मुलगी कानडी माध्यमात शिकली, आता केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षेत मराठी भाषा घेते आहे. ‘माझा भावाने’, ‘मोठा घरात’ असे लिहिते. कसे सुधारावे? (पालक, चिकोडी)

या परीक्षेत प्रत्येक भाषेला ३० प्रश्न आणि चुकीला गुण वजा नाहीत, त्यामुळे घाबरून पर्याय सोडून देऊ नये, हे आधी तिला सांगा.

तिची चूक कुठून येते हे स्पष्ट आहे. कानडीत ‘नन्न तम्म’, ‘नन्न तंगी’, ‘दोड्ड मने’. ‘नन्न’ आणि ‘दोड्ड’ कुठेही बदलत नाहीत, पुढच्या शब्दाला कोणताही प्रत्यय लागो. मराठीत पुढच्या नामाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागले की मागचा शब्दही वाकतो. ‘माझा भाऊ’, पण ‘माझ्या भावाने’. ‘माझी बहीण’, पण ‘माझ्या बहिणीला’. ‘मोठे घर’, पण ‘मोठ्या घरात’. ‘शाळेचे मैदान’, पण ‘शाळेच्या मैदानावर’. तिला एकच ओळ लिहून द्या : नामाला काही चिकटले असेल तर मागच्या चा-ची-चे किंवा आ-ई-ए च्या जागी ‘च्या’ किंवा ‘या’ बघायचा.

स्त्रीलिंगात फसगत जास्त होते. ‘तिची आईने’ हे ‘तिची’मुळे बरोबर वाटते, पण ‘आईने’ला ‘ने’ आहे, म्हणून ‘तिच्या आईने’. दुसरी फसगत ‘घरी, वर्षी, दिवशी’ या शब्दांत आहे. यांना प्रत्यय लागला आहे हे दिसत नाही, पण लागलेला असतो. म्हणून ‘माझ्या घरी’, ‘पुढच्या वर्षी’, ‘दुसऱ्या दिवशी’.

लाल, सुंदर, हुशार, गरीब यांसारखी विशेषणे मात्र जशीच्या तशी राहतात : लाल मातीत, हुशार मुलींना. रोज वर्तमानपत्रातला एक परिच्छेद घेऊन प्रत्यय लागलेल्या नामांना गोल करायला लावा आणि त्या प्रत्येकाच्या मागचा शब्द मोठ्याने वाचायला सांगा. लिहून घेण्यापेक्षा हा सराव लवकर लागू पडतो, कारण तिला नियम कळतो आहे, सवय नाही.

प्रश्न : ‘खानापूरला’ की ‘खानापुरला’? ‘खानापूरात’ की ‘खानापुरात’? वर्गात मुले विचारतात तेव्हा ठामपणे सांगता येत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचे प्रश्न सोडवायला काही पक्की रीत आहे का? (मराठी शाळेतील शिक्षिका, खानापूर तालुका)

‘खानापूरला’ आणि ‘खानापुरात’, दोन्ही शुद्ध. कारण सांगितले की मुले विसरणार नाहीत. परीक्षांमध्ये प्रमाण धरतात ते मराठी साहित्य महामंडळाचे नियम : १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये जोडलेले चार, एकूण अठरा. त्यांत गावाच्या नावातला ‘पूर’ दीर्घ लिहायला सांगितला आहे. दुसरा नियम असा की उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरे अक्षर दीर्घ असेल, तर सामान्यरूप होताना, म्हणजे प्रत्ययापूर्वी शब्दाचे रूप बदलताना, ते ऱ्हस्व होते. ‘खानापूरला’ लिहिताना शब्दाचे सामान्यरूप झालेलेच नाही, ‘ला’ सरळ चिकटला आहे, म्हणून ‘पू’ तसाच. ‘खानापुरात, खानापुराहून’ यांत ‘र’चा ‘रा’ झाला, सामान्यरूप झाले, म्हणून ‘पु’. विजापूर, कोल्हापूर, सोलापूर सगळ्यांना हेच.

याच नियमाने बहीण-बहिणीला, विहीर-विहिरीत, जमीन-जमिनीवर, फूल-फुलाला, सून-सुनेला. पण शरीर-शरीरात, गीत-गीताला, परीक्षा-परीक्षेला. यांत ऱ्हस्व होत नाही, कारण हे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आले आहेत आणि त्यांचे मधले अक्षर हलवायचे नसते.

मग असा शब्द, म्हणजे तत्सम शब्द, ओळखायचा कसा? इथे सीमाभागातल्या मुलांच्या हातात एक साधन आहे, ज्याचा उपयोग फारसा कुणी करत नाही. त्यांना कानडी वाचता येते. कानडी लेखनात संस्कृत शब्दाचे मधले ऱ्हस्व-दीर्घ तसेच राखतात. परीक्षा, शरीर, आशीर्वाद, निरीक्षण यांतला ‘री’ किंवा ‘शी’ कानडी पाटीवर, कानडी पुस्तकात दीर्घच दिसेल. शंका आली की शब्द कानडीत कसा लिहितात ते आठवायचे.

मात्र दोन ठिकाणी ही मदत उलटते, आणि तेही मुलांना बजावून सांगा. पहिले ठिकाण शब्दाचा शेवट. कानडीत कवि, गुरु, शक्ति यांचा शेवट ऱ्हस्व राहतो. मराठीत शेवटचा इकार-उकार दीर्घ : कवी, गुरू, शक्ती. अपवाद आणि, नि, परंतु, तथापि यांसारख्या अव्ययांचा. हाच शब्द समासात पहिला आला की मूळचा ऱ्हस्व परत येतो : कविसंमेलन, गुरुवार, शक्तिस्थळ. ‘मंत्री’ पण ‘मंत्रिमंडळ’, ‘प्राणी’ पण ‘प्राणिसंग्रहालय’, ‘पक्षी’ पण ‘पक्षिमित्र’. बहुतेक पाट्यांवर हे शब्द दीर्घ रंगवलेले असतात, त्यामुळे डोळ्याला सवय चुकीची लागते.

दुसरे ठिकाण जोडाक्षरे. कानडीत ‘महत्व’ असे एकाच ‘त’ने लिहिलेले सर्रास आढळते. मराठीत महत् + त्व, म्हणून दोन त : महत्त्व. तसेच तत् + त्व = तत्त्व, सत् + त्व = सत्त्व, व्यक्तिमत् + त्व = व्यक्तिमत्त्व. पण अस्ति + त्व = अस्तित्व, नेतृ + त्व = नेतृत्व, मातृ + त्व = मातृत्व; इथे मूळ शब्दाच्या शेवटी मोकळा ‘त्’ नाही, म्हणून एकच त. मुलांना ‘त्व काढून टाका, काय उरते ते बघा’ एवढेच सांगा. महत् उरला तर दोन, नेतृ उरला तर एक. उत् + ज्वल = उज्ज्वल आणि तत् + ज्ञ = तज्ज्ञ हीसुद्धा फोड करूनच लक्षात राहतात. ‘पारंपारिक’ हा शब्द तर पेपर काढणाऱ्यांचा आवडता आहे. परंपरा + इक, पहिल्या अक्षराची वृद्धी होते (‘प’चा ‘पा’), दुसऱ्याची नाही : पारंपरिक. दुर् + अवस्था = दुरवस्था, ‘दुरावस्था’ नव्हे.

अनुस्वाराचे एकच सांगतो, कारण त्यावर वाक्यातल्या चुका काढतात. अनेकवचनी नामाला प्रत्यय लागताना अनुस्वार हवा : मुलांनी, लोकांना, त्यांचा. आदरार्थी अनेकवचनालाही हवा : ‘मुख्याध्यापकांनी भाषण केले’. ‘मुख्याध्यापकानी’ ही चूक पेपरात इतकी बेमालूम लपवतात की क्रियापद तपासून झाल्यावर मुद्दाम ‘नी, ना, चा’च्या डोक्यावर नजर फिरवायला शिकवा.

प्रश्न : आमच्याकडे बायकाही ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणतात. पेपरात ही चूक धरतात काय? (गृहिणी, शहापूर, बेळगाव)

बोलताना खुशाल म्हणा. कोल्हापूरकडच्या बायकाही असेच म्हणतात, आणि कानडीतही ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ यांना एकच रूप आहे. पेपरात मात्र बोलणारी स्त्री आहे हे वाक्यातच सांगितले असेल, तर ‘जाते, आले’ हवे : ‘सुमन म्हणाली, “मी उद्या येते.”’ बोलणारे कोण हे वाक्यात नसेल तर ‘मी जातो’ला चूक ठरवू नये. चूक दुसऱ्या पर्यायात शोधावी.

प्रश्न : ‘गाईचे गोमूत्र’ हे व्याकरणाने बरोबर आहे, मग अशुद्ध का? (विद्यार्थी, हुक्केरी)

‘गो’ म्हणजेच गाय, एक शब्द दोनदा आला म्हणून. ‘पिवळा पीतांबर’, ‘फक्त तीनच’, ‘पुन्हा परत’, ‘सर्वांत श्रेष्ठतम’ त्याच माळेतले. जोड्यांकडेही लक्ष ठेवा : जर-तर, जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, जितका-तितका. जोडीतला एक शब्द बदललेला असतो.

प्रश्न : बँक आणि एसएससीच्या (कर्मचारी निवड आयोगाच्या) इंग्रजी पेपरात वाक्याचे भाग पाडून चूक विचारतात. मराठी माध्यमातून आलेल्यांना कोणत्या चुका दिसत नाहीत? (स्पर्धा परीक्षार्थी, अथणी)

ज्या चुका मराठीतून विचार केल्यावर बरोबर वाटतात, त्या.

मराठीत ‘जरी’ आले की ‘तरी’ हवेच. इंग्रजीत ‘ऑल्दो’ आले की ‘बट’ चालत नाही. ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट आउट’ यातला ‘बट’ हीच चूक. आपण ‘विषयाबद्दल चर्चा’ करतो म्हणून ‘डिस्कस अबाउट’ खटकत नाही. ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ नको. आपण ‘त्याच्याशी लग्न’ करतो म्हणून ‘मॅरीड विथ’ बरोबर वाटते. तिथे ‘मॅरीड टू’. ‘त्याने मला सांगितले’वरून ‘ही टोल्ड टू मी’ येते, ‘टू’ काढा.

‘पासून’ हा शब्द सर्वांत जास्त गुण खातो. ‘तो दोन वर्षांपासून इथे राहतो’ याचे ‘ही इज लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स’ केले की एका वाक्यात दोन चुका. काळ ‘हॅज बीन लिव्हिंग’ हवा आणि कालावधीला ‘फॉर’ हवे. ‘सिन्स’ फक्त सुरुवातीच्या क्षणाला : सिन्स २०२०, सिन्स मंडे. आणि ‘काल, गेल्या वर्षी’ असा ठरलेला भूतकाळ वाक्यात असेल तर ‘हॅव सीन’ नको, ‘सॉ’ हवे.

कर्ता-क्रियापदात आपल्याला आदरार्थी अनेकवचन नडते. ‘मुख्याध्यापक शिक्षकांसह आले आहेत’ असे आपण म्हणतो, म्हणून ‘द प्रिन्सिपल, अलाँग विथ द टीचर्स, हॅव कम’ ठीक वाटते. इंग्रजीत ‘अलाँग विथ’पासूनचा स्वल्पविरामातला भाग झाकायचा, प्रिन्सिपल एक, म्हणून ‘हॅज’. ‘वन ऑफ’नंतर नाम अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी : ‘वन ऑफ द बॉइज इज अ‍ॅब्सेंट’. ‘इन्फॉर्मेशन, फर्निचर, अ‍ॅडव्हाइस’ यांना शेवटी ‘एस’ लागत नाही.

‘नो एरर’ हा पर्याय नुसता भरतीला ठेवलेला नसतो. क्रियापद, काळ, शब्दयोगी, आर्टिकल ही चार ठिकाणे बघून काही सापडले नाही, तर तोच निवडा आणि पुढे चला. सहाव्यांदा वाचल्यावर बरोबर शब्दही चुकीचा वाटू लागतो.

प्रश्न : दोन पर्यायांत अडकलो तर टिक करावी की सोडावे? आणि सीमाभागातल्यांना महाराष्ट्राच्या परीक्षा देता येतात ना? (उमेदवार, उचगाव)

चार पर्याय, बरोबरला १ गुण, चुकीला पाव गुण वजा असा पेपर धरू. डोळे मिटून १०० प्रश्नांवर टिक केली तर सरासरी २५ बरोबर, ७५ चूक : २५ वजा १८.७५, हाती ६.२५. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर साधारण १६.६७. दोन बाद करता आले तर ३७.५. म्हणून दोन पर्यायांत अडकला असाल तर टिक कराच. वजावट एक तृतीयांश असेल तर डोळे मिटून केलेल्या टिकेचा हिशेब शून्यावर येतो. तिथे किमान एक पर्याय बाद झाल्याशिवाय हात लावू नका. जाहिरातीत वजावट किती आहे ते आधी वाचा, प्रत्येक परीक्षेचे वेगळे असते.

महाराष्ट्राच्या परीक्षा देता येतात. महाराष्ट्र शासनाने दावा केलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिक उमेदवारांसाठी १० जुलै २००८ चा शासन निर्णय आहे आणि भरतीच्या जाहिरातींत त्याचा उल्लेख असतो. त्यासोबत मागितलेला वास्तव्याचा दाखला ठरलेल्या नमुन्यातच लागतो, तो अर्जाच्या शेवटच्या तारखेपूर्वी हातात असू द्या.

प्रश्न : सरावाला थोडी वाक्ये द्याल का? (अभ्यासिका चालवणारे वाचक, येळ्ळूर)

मुलांना आधी उत्तरे झाकून द्या, आणि नुसते ‘चूक’ न म्हणता कारण लिहायला लावा.

१. मलप्रभा नदी खानापूर तालुक्यात कणकुंबीजवळ उगम पावतो.
२. १९२४ साली बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरला होता व महात्मा गांधी त्याचे अध्यक्ष होते.
३. आम्ही पावसाळ्यात गोकाकचा धबधबा पाहिलो.
४. आईने धाकट्या मुलींना यल्लम्माच्या जत्रेला पाठवल्या.
५. ती आजीने सांगितलेली गोष्ट विसरली.
६. जरी पाऊस थांबला तर मार्कंडेय नदीचे पाणी ओसरले नाही.
७. त्याचा लहान बहिणीला दोन पारितोषिके मिळाली.
८. आज बाजारात ताज्या भाज्या नाही.

उत्तरे : १. पावते, नदी स्त्रीलिंगी, ‘उगम’ मध्ये आल्याने फसगत होते. २. भरले होते, अधिवेशन नपुंसकलिंगी. ३. पाहिला; धबधबा मोकळे कर्म. ४. पाठवले, कर्ता आणि कर्म दोघांनाही प्रत्यय. ५. शुद्ध. ‘सांगितलेली’ आणि ‘आजीने’ झाकले की ‘ती गोष्ट विसरली’ उरते, आणि विसरणे कर्त्याला धरून राहते. ‘ती’ हा शब्द गोष्टीचा आहे की बाईचा, यावर मुले वाद घालतील. वाक्यात दुसरा कर्ता नाही हे त्यांना शोधू द्या. ६. तर नव्हे, तरी. ७. त्याच्या, ‘लहान’ बदलत नाही म्हणून चूक लपते. ८. नाहीत.